शुश्रूषा: ऐकण्याचा शब्द आजाऱ्याच्या उशाशी कसा आला?

उंबरठा:
घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका तयार होते आहे. तिच्या मुखपृष्ठावरच 'शुश्रूषा' हा शब्द आहे आणि तिथेच गाडं अडलं आहे. पाट्यांवर, बातम्यांत, छापील पत्रकांत याची तीन रूपं दिसतात: शुश्रूषा, शुश्रुषा आणि सुश्रुषा. यातलं बरोबर कोणतं, एवढंच नको. का बरोबर, तेही हवं, म्हणजे पुढच्या आवृत्तीत कोणी ते पुन्हा बदलणार नाही.

दुसरी गोष्ट अर्थाची. शुश्रूषा म्हणजे मुळात 'ऐकण्याची इच्छा' असं वाचलं. हे व्याकरणातून सिद्ध होतं, की शब्दाची फोड करून मागाहून चिकटवलेला अर्थ आहे? आणि खरं असेल तर ऐकण्यापासून अंग पुसण्यापर्यंत, औषध देण्यापर्यंत शब्द पोचला कसा?

जाता जाता तिसरं. संस्कृत 'शृणोति' आणि हिंदी 'सुनना' यांचं नातं डोळ्यांना दिसतं. मग मराठीत 'ऐकणे' कुठून आलं? प्रस्तावनेत दोन ओळी लिहायच्या आहेत, पण चुकीचं काही छापायचं नाही.

धातुरूप:
अर्थ मागाहून चिकटवलेला नाही. शब्दाच्या घडणीतच 'इच्छा' आहे. संस्कृतात धातूला 'सन्' प्रत्यय लागला की 'ते करण्याची इच्छा' असा अर्थ येतो. ज्ञा पासून जिज्ञासा, पा पासून पिपासा, भुज् पासून बुभुक्षा, मुच् पासून मुमुक्षा. त्याच साच्यात श्रु पासून शुश्रूषा.

घडण अशी होते. आधी धातूचं द्वित्व: श्रु-श्रु. पहिल्या भागात जोडाक्षरातलं पहिलंच व्यंजन उरतं, म्हणून शु-श्रु. मग दुसऱ्या भागातला उ दीर्घ होतो: शु-श्रू. प्रत्ययाचा स हा ऊ च्या पुढे आल्यामुळे ष होतो: शुश्रूष. क्रियापद 'शुश्रूषते', आणि त्यावरून स्त्रीलिंगी नाम 'शुश्रूषा'.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या पायरीत आहे. पाणिनीचं सूत्र आहे 'अज्झनगमां सनि' (६.४.१६). धातूच्या शेवटी स्वर असेल तर या सन् पुढे तो दीर्घ होतो. म्हणून जि चं जिगीषा, कृ चं चिकीर्षा आणि श्रु चं शुश्रूषा. मुमुक्षा आणि बुभुक्षा यांत दुसरा उ ऱ्हस्वच राहतो, कारण मुच् आणि भुज् यांच्या शेवटी व्यंजन आहे. 'शुश्रुषा' लिहिणाऱ्यांच्या कानात बहुधा ही ऱ्हस्व उकाराची जोडी बसलेली असते. लक्षात ठेवायला 'जिगीषा' पुरे: पहिलं ऱ्हस्व, दुसरं दीर्घ.

'सुश्रुषा' मात्र वेगळ्या वाटेने येतं. 'सु' म्हणजे चांगलं, आणि सेवा चांगलीच असते, शिवाय वैद्यकातला सुश्रुत सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून हात आपोआप सु कडे वळतो. पण सुश्रुत म्हणजे सु + श्रुत. त्यातला सु उपसर्ग आहे आणि शुश्रूषेतला शु हे धातूचं द्वित्व आहे. धातू एकच, घडण निराळी. 'सुश्रुषा' हे रूप संस्कृतात कोणत्याही मार्गाने सिद्ध होत नाही.

मराठी लेखननियमही याच बाजूला आहेत. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे तत्सम शब्दांतले ऱ्हस्वदीर्घ मुळाबरहुकूम ठेवायचे. तेव्हा शुश्रूषा, आणि सामासिक शब्दही जोडूनच: शुश्रूषागृह. टंकताना आठ चिन्हं पडतात: श, ु, श, ्, र, ू, ष, ा. सहावा ू आहे ना, तेवढं मुद्रितात पाहा. चूक तिथेच होते.

आता अर्थाचं. 'ऐकण्याची इच्छा' हा अर्थ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अगदी स्वच्छ भेटतो. विद्या कोणाला घडवते हे सांगताना तो बुद्धीचे गुण ओळीने देतो: शुश्रूषा, श्रवण, ग्रहण, धारण, विज्ञान, ऊहापोह, तत्त्वाभिनिवेश. क्रम पाहा. आधी ऐकावंसं वाटणं, मग ऐकणं, मग ते घेणं, मग धरून ठेवणं. शुश्रूषा आणि श्रवण शेजारी शेजारी ठेवल्यामुळे दोन्हींतला फरक आपोआप उघडा पडतो. इथे सेवेचा संबंध नाही.

उलट मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात शूद्राचं कर्म म्हणून इतर वर्णांची 'शुश्रूषा' सांगितली आहे. तिथे अर्थ उघडच सेवाचाकरी असा आहे आणि त्यात हुकूम ऐकण्याची सक्ती आहे. शब्दाच्या वाटेवरचा हा मुक्काम प्रस्तावनेत गाळू नका. 'प्रेमाने ऐकणं म्हणजेच सेवा' असं गोड वाक्य लिहिण्याचा मोह होईल, पण शब्द फक्त प्रेमाच्या वाटेने आलेला नाही.

दोन अर्थांच्या मधला दुवा गुरुकुलात आहे. ज्याला ऐकायचं आहे तो गुरूजवळ राहतो, सांगतील ते करतो, समिधा आणतो, पाणी भरतो. ऐकण्याची इच्छा, मग आज्ञा पाळणं, मग जवळ राहून सेवा. मराठीने यातली शेवटची पायरी उचलली आणि ती बहुतांशी आजाऱ्यापुरती ठेवली.

उंबरठा:
जिगीषेची खूण फार कामाची. लगेच एक विचारते: ऐकणं ते आज्ञा पाळणं हे वळण फक्त संस्कृताचं, की इतर भाषांतही आहे?

कानोसा:
इतक्या ठिकाणी आहे की नसणारी भाषा शोधावी लागेल. मराठीतच बघा ना: 'पोरगं ऐकत नाही' म्हटल्यावर कोणी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही.

लॅटिनमध्ये आउदीरे म्हणजे ऐकणे. त्याला 'ओब' लागून ओबोएदीरे झालं, म्हणजे आज्ञा पाळणे. इंग्रजी 'ओबे' तिथूनच फ्रेंचमार्गे आला. ग्रीकमध्ये अकूओ म्हणजे ऐकतो आणि हुपकूओ म्हणजे आज्ञेत राहतो. जर्मनमध्ये होरेन म्हणजे ऐकणे, गेहोर्खेन म्हणजे आज्ञा पाळणे आणि गेहोरेन म्हणजे एखाद्याच्या मालकीचं असणे. रशियनमध्ये स्लूशात् म्हणजे ऐकणे, स्लूशात्सा म्हणजे सांगितलेलं मानणे, आणि मठात नव्याने दाखल झालेल्या साधकाला पस्लूश्निक म्हणतात, म्हणजे ऐकणारा. आपल्याकडच्या 'श्रावक' शब्दाची हीच घडण. जैनांत श्रावक म्हणजे गृहस्थ अनुयायी, पालीत सावक म्हणजे बुद्धाचा शिष्य. दोघेही शब्दशः 'ऐकणारे'.

ही एकाच भाषाकुळाची लकब म्हणावी तर तसंही नाही. अरबीत 'सम्अन् व ताअतन्' म्हणजे ऐकलं आणि मानलं, हा हुकूम स्वीकारण्याचा ठरलेला शब्दप्रयोग. हिब्रूत शमा म्हणजे ऐकणे, आणि आज्ञा मानणे हा अर्थही त्याच धातूत. 'हे इस्राएला, ऐक' या प्रार्थनेचं नावच 'शेमा'. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते की हिब्रूतलं बाकी सारं विसरलं तरी शेमा त्यांच्या तोंडी टिकून राहिला. एका 'ऐक' शब्दाने धरून ठेवलेली ओळख आहे ती.

आता श्रु चे सख्खे भाऊबंद. मूळ भारत-युरोपीय धातू साधारण 'क्लेउ' असा मानतात. त्यातला आरंभीचा तालव्य क संस्कृतात श झाला, अवेस्ता (पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाची भाषा) आणि स्लाव भाषांत स झाला आणि ग्रीक, लॅटिन, केल्टिकमध्ये क राहिला. जसं आपलं शत, लॅटिन केंतुम्, रशियन स्तो. ल चा संस्कृतात र झाला. एवढं मनात धरलं की पुढचे शब्द आपले आपण जुळतात. वेल्शमध्ये क्लिवेद म्हणजे ऐकणे, लिथुआनियनमध्ये क्लाउसीती म्हणजे लक्ष देऊन ऐकणे, रशियनमध्ये स्लोवो म्हणजे शब्द आणि स्लावा म्हणजे कीर्ती. इंग्रजी 'लिसन' याच घरातला. 'लाउड' तर थेट आपल्या 'श्रुत'चा भाऊ. जुन्या इंग्रजीत तो ह्लूद होता, त्यातला ह पुढे झडला. 'हिअर' मात्र या कुळातला नाही. त्याचं नातं ग्रीक अकूओशी आणि म्हणून 'अकूस्टिक'शी जोडतात.

कीर्तीचा धागा विशेष सुंदर आहे. लोक तुमच्याविषयी जे ऐकतात ती तुमची कीर्ती. वेदात 'श्रवस्' म्हणजे कीर्ती, ग्रीकमध्ये 'क्लेओस'. होमरच्या इलियडमध्ये 'क्लेओस आफ्थितोन' म्हणजे न झिजणारी कीर्ती, आणि ऋग्वेदात (१.९.७) इंद्राकडे 'अक्षितम् श्रवः' मागितलं आहे. शब्दाला शब्द जुळतो. जर्मन भाषाभ्यासक आडालबेर्ट कून यांनी १८५३ मध्ये ही जोडी दाखवली आणि तेव्हापासून तुलनात्मक काव्यशास्त्राची चर्चा तिथूनच सुरू होते. क्लिओपात्रा म्हणजे पित्याची कीर्ती. आणि आपल्या जवळचं नाव सांगायचं तर खुसरो. संस्कृत सुश्रवस्, अवेस्तात हओस्रवह्, फारसीत खुस्रो, अरबीत किस्रा. अर्थ एकच: ज्याच्याविषयी चांगलं ऐकू येतं तो. पारशी घरांतला खुशरू आणि ऋग्वेदातला राजा सुश्रवस् हे नामबंधू आहेत.

तुंगभद्रा:
द्राविडी भाषांची भर घालतो. कन्नडमध्ये 'केळु' म्हणजे ऐकणे आणि विचारणेही. तमिळमध्ये 'केळ्' तसंच, तुळूतही तेच. 'मातु केळु' म्हणजे सांगितलेलं ऐक, म्हणजे आज्ञा मानणे आलंच. तेलुगूने मात्र वाटणी केली आहे: विनु म्हणजे ऐकणे, अडुगु म्हणजे विचारणे.

कन्नडमध्ये आणखी एक सोय आहे. 'केळिसु' म्हणजे ऐकू येणे. 'केळिसुत्तिल्ल' म्हटलं तर आवाज येत नाही, 'मातु केळुवुदिल्ल' म्हटलं तर सांगितलेलं मानत नाही. तुमच्या पुस्तिकेत हा भेद मराठीत काटेकोर ठेवा. 'रुग्ण ऐकत नाही' आणि 'रुग्णाला ऐकू येत नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात रुग्ण कर्ता आहे आणि दोष त्याच्या इच्छेचा ठरतो. दुसऱ्यात 'ला' लागला, म्हणजे आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. वयस्कर माणसाच्या नोंदवहीत 'ऐकत नाही' लिहिलं गेलं तर पुढच्या पाळीची व्यक्ती त्याला हट्टी समजेल आणि कानाकडे कोणी बघणारच नाही.

रानवारा:
तिसऱ्या प्रश्नावर. आधी 'सुनना' उलगडतो, मग 'ऐकणे' सोपं जाईल.

संस्कृत शृणोति, प्राकृत सुणइ, पाली सुणाति, हिंदी सुनना, बंगाली शोना. युरोपभर पसरलेल्या रोमा लोकांच्या भाषेतही शुन- हेच. यातला न धातूचा नाही. श्रु हा पाचव्या गणातल्या (गटातल्या) धातूंसारखा चालतो, म्हणजे वर्तमानकाळात धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये 'नु' हे विकरण येतं: शृ-णो-ति. म्हणजे सुननामधला न हा त्या विकरणाचा अवशेष आहे. 'श्रुत'मध्ये तो नसतो, म्हणून बौद्ध सुत्तांची सुरुवात 'एवं मे सुतं' अशी होते, त्यात ण नाही.

मराठीत हा धातू उतरला असता तर 'सुण-' झाला असता, 'सुन-' नव्हे. नियम असा: दोन स्वरांमधला एकटा न किंवा ण मराठीत ण होऊन राहतो. हिंदी पानी, मराठी पाणी. हिंदी बहन, मराठी बहीण. आणि प्राकृतात जिथे जोड ण्ण असतो तिथे मराठीत न येतो: कर्ण, कण्ण, कान. पर्ण, पण्ण, पान. अरण्य, रण्ण, रान. चूर्ण, चुण्ण, चुना. हे दोन नियम हाताशी असले की उसना शब्द लगेच ओळखता येतो. कोर्टातली 'सुनावणी' आणि 'शिक्षा सुनावली' यांत सु नंतर न आहे, ण नाही. म्हणजे हे हिंदीतून आले, आपल्याकडे वाढलेले नाहीत. शेवटचा -णी मात्र आपला, बोलणी-पेरणीतला.

आता 'ऐकणे'. जुन्या मराठीत आइकणे, आयकणे अशी रूपं आहेत, कोकणीत आजही आयकप. कोशांत व्युत्पत्ती बहुधा 'आकर्णन' अशी मिळते: आ + कर्ण, म्हणजे कान लावणे. अर्थाने चपखल, पण ध्वनींच्या दोन गाठी आहेत आणि छापताना त्या लपवू नयेत.

पहिली गाठ ण ची. आकर्णन आणि ऐकणे शेजारी ठेवले की शेवट जुळल्यासारखा वाटतो. तो भास आहे. ऐकणेमधला ण हा '-णे' प्रत्ययाचा. धातू फक्त 'ऐक': ऐकतो, ऐकलं, ऐकीव. त्यात कर्णातल्या र्ण चा मागमूस नाही. वरच्या नियमाने तिथे न दिसायला हवा होता. दुसरी गाठ क ची. प्राकृतात स्वरांमधला क गळतो: लोक चं लोअ, कोकिल चं कोइल. त्याप्रमाणे आकर्ण्- चं प्राकृत रूप 'आयण्णइ' असं मिळतंच, क नसलेलं. ऐकणेत क ठणठणीत उभा आहे. उलट अवधीत तुलसीदासांनी वापरलेलं 'अकनि' (ऐकून) पाहा. त्यात क आहे आणि न ही आहे, म्हणून आकर्ण्- शी त्याचं नातं किती सहज पटतं.

तेव्हा प्रस्तावनेत 'ऐकणे हा शब्द परंपरेने आकर्णनाशी जोडतात' एवढंच लिहावं. 'आकर्णनापासून झाला' असं ठाम विधान नको.

आणि ऐकण्याला श्रु सोडून दुसरा शब्द धरणारी मराठी एकटी नाही. सिंधीत ऐकणे म्हणजे बुधणु, काश्मिरीत बोजुन. दोन्ही बुध् पासून, म्हणजे कळणे हाच ऐकण्याचा शब्द झाला. गुजरातीत सांभळवुं म्हणजे ऐकणे. मराठी माणूस तिथे हमखास फसतो, कारण त्याच्या कानाला ते सांभाळणे वाटतं. सांभाळण्याला गुजरातीत संभाळवुं आहे. अनुस्वाराची आणि आकाराची जागा नीट बघितल्याशिवाय भाषांतर करू नये. ज्ञानेश्वरीतही 'ऐका'च्या जोडीला 'अवधारिजो जी' आहे. अवधारणे म्हणजे मनात धरणे. ऐकण्यासाठी कान, मन आणि समज, तिन्हींकडून शब्द आले आहेत.

पाटीपेन्सिल:
श्रु च्या कुटुंबात अश्रू आणि श्लोक घालता येतील का? श्लोक तर शोकापासून आला असं शिकवतात.

धातुरूप:
अश्रू नाही. त्यातलं 'श्रू' दिसायला सारखं आहे एवढंच, मूळ वेगळं. श्मश्रू, श्रम, श्रद्धा यांचाही संबंध नाही.

श्लोक मात्र घरचा आहे. वेदात श्लोक म्हणजे साद, ऐकू जाणारा घोष, कीर्ती. आणि त्यात मूळचा ल टिकून राहिला आहे, जो श्रु मध्ये र झाला. 'शोकः श्लोकत्वमागतः' हे रामायणातलं क्रौंचवधाच्या प्रसंगाचं वचन काव्य म्हणून अप्रतिम आहे. व्युत्पत्ती म्हणून ते वापरू नये.

लिहिण्याविषयी एक राहिलं. शृ, श्रु आणि श्रू ही तीन वेगळी अक्षरं आहेत. शृणोति, शृंगार, शृंखला यांत श ला ऋकार. 'श्रृंगार' असं लिहिलं की र दोनदा येतो, कारण श्र मध्ये तो आधीच आहे. श्रुती, श्रुत, बहुश्रुत यांत ऱ्हस्व उकार. शुश्रूषा, शुश्रूषक यांत दीर्घ. 'श्रुती' एकटा असताना शेवटची वेलांटी दुसरी, पण समासात पहिली: श्रुतिमधुर, श्रुतिगोचर.

उंबरठा:
मुखपृष्ठ 'शुश्रूषा' असंच जातं आहे. प्रस्तावनेत कौटिल्याचा क्रम आणि मनुस्मृतीतला अर्थ, दोन्ही घेते. नोंदवहीच्या नमुन्यात 'ऐकू येतं का' असा वेगळा रकाना केला आहे. एकच शंका: रकान्यात 'ऐकू येतं' की 'ऐकायला येतं'?

तुंगभद्रा:
बोलण्यात दोन्ही चालतात. छापताना 'ऐकू येतं' ठेवा, कारण 'ऐकायला येतो' म्हटलं की कोणी माणूस ऐकण्यासाठी येतो असाही अर्थ निघतो. आणि रकान्यात नुसतं होय-नाही नको. उजवा कान, डावा कान अशा दोन चौकटी, आणि खाली 'किती अंतरावरून हाक ऐकू गेली' अशी एक ओळ. 'ऐकू जाणे' म्हणजे हाक मारणाऱ्याकडून निघून पोचणे. तिथे तोच शब्द नेमका बसतो.